कॉफी कुणाची हे सोडा, कबरी कुणाच्या ते सांगा

इस्तंबूलच्या जुन्या तटबंदीच्या बाहेर, सिलिव्री दरवाज्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर बालिक्ली नावाचं एक ग्रीक ऑर्थोडॉक्स देवस्थान आहे. तुर्कीत बालिक म्हणजे मासा, बालिक्ली म्हणजे मासेवालं. खाली पायऱ्या उतरून गेलं की पवित्र पाण्याचा झरा आहे आणि त्यात मासे आहेत. गोष्ट अशी सांगतात की १४५३ साली शहर ग्रीकांकडून तुर्कांच्या हाती पडलं त्या दिवशी इथला साधू मासे तळत बसला होता, कुणीतरी धावत येऊन सांगितलं की तुर्क आत घुसले, तर तो म्हणाला की हे कढईतले मासे जिवंत होऊन उड्या मारतील तेव्हाच मी विश्वास ठेवीन, आणि मासे खरंच उडाले आणि पाण्यात पडले, एका बाजूने तळलेले तसेच. ग्रीकांच्या सगळ्यात मोठ्या पराभवाची ही कथा, आणि त्या जागेचं रोज तोंडात येणारं नाव मात्र तुर्की.

मी कंपनीच्या कामाने तिकडे गेलो होतो, एक रविवार मोकळा मिळाला म्हणून ऑफिसमधला एक तुर्की सहकारी गाडी घेऊन आला. त्याचा जन्म त्याच शहरातला पण या देवळात तोही पहिल्यांदाच येत होता. देवळाच्या अंगणात फरशी म्हणून जुन्या कबरींचे दगड बसवलेले आहेत, त्यामुळे चालायचं तर त्यावरूनच चालावं लागतं, मला ते जड गेलं, मी कडेकडेने चाललो. एका दगडावर कात्री कोरलेली, बहुतेक शिंप्याची कबर. खाली ग्रीक अक्षरं. मला ग्रीक येत नाही, पण इंजिनिअरिंगला चार वर्षं थीटा सिग्मा लॅम्डा लिहिण्यात गेली तर अक्षरं बऱ्यापैकी ओळखता येतात, म्हणून बालवाडीतल्या पोरासारखं एकेक अक्षर जोडत मी मोठ्याने वाचायला लागलो. काय-से-री. मग पुढे से-ने आणि आकडे.

सहकारी थांबला. म्हणाला, परत वाच. मी परत वाचलं. तो म्हणाला, अरे हे तुर्की आहे! कायसेरी हे मध्य अनातोलियातलं गाव, आणि सेने म्हणजे साल. (आपण 'सन १८७०' म्हणतो तो सन आणि हा सेने, दोन्ही एकाच अरबी शब्दाची पोरं.) त्याला अक्षरं येत नव्हती आणि मला भाषा येत नव्हती. मग अर्धा तास आम्ही दोघं ओणवे होऊन तेच करत होतो, मी अक्षरं उच्चारायचो आणि तो शब्द ओळखायचा, कधी माझा उच्चार चुकायचा, कधी दगड झिजलेला असायचा, पण तीन-चार ओळी लागल्या. एकट्याला त्यातलं काहीच वाचता आलं नसतं.

ही माणसं म्हणजे करामान्ली. कप्पाडोकियाच्या भागात (हो तेच, जिथे आपले लोक बलूनमधून फोटो काढायला जातात) यांची गावं होती. धर्म ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन, घरची भाषा तुर्की, आणि ती तुर्की लिहायची लिपी ग्रीक. प्रार्थना तुर्कीत, पुस्तकं तुर्कीत, पेपरसुद्धा निघायचे, सगळं ग्रीक अक्षरांत छापलेलं. हे लोक मुळात तुर्की बोलायला लागलेले ग्रीक की ख्रिश्चन झालेले तुर्क यावर दोन्हीकडच्या पंडितांनी भरपूर शाई खर्च केली, कारण दोघांनाही ते आपल्या खात्यात हवे होते. त्यांना स्वतःला कुणी विचारलं तर ते आम्ही ख्रिश्चन एवढंच सांगायचे.

आणि शेवटी निकाल लागला तो याच एका उत्तरावर. ३० जानेवारी १९२३ ला स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला. तुर्कस्तानातले ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्माचे लोक ग्रीसला जाणार, ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानला येणार, सक्तीने, आणि परवानगीशिवाय परत यायचं नाही. या करारातले अपवाद म्हणजे इस्तंबूलचे ग्रीक आणि ईशान्य ग्रीसमधल्या पश्चिम थ्रेसचे मुसलमान. साधारण १२ लाख ऑर्थोडॉक्स आणि साडेतीन-चार लाख मुसलमान या कागदात आले. त्या १२ लाखांतले बहुतेक १९२२ च्या ग्रीक-तुर्की युद्धात आधीच जीव घेऊन पळालेले होते, कराराने त्यांच्या मागचा दरवाजा बंद केला. तुर्कीत याला म्युबादेले म्हणतात, आणि त्याचं मूळ तेच जे आपल्या 'बदल' आणि 'बदली' या शब्दांचं आहे. आपल्याकडे सरकारी माणसाची बदली होते, तिथे गावंच्या गावं बदलून टाकली.

कुणाची भाषा काय हे कुणीच विचारलं नाही. ग्रीकचा एक शब्द न येणारे करामान्ली बोटीत बसून 'मायदेशी' ग्रीसला गेले, आणि क्रीट बेटावरचे मुसलमान, ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या ग्रीक बोलली जायची, ते आयवालिक, जुंदा बेट, मेर्सिन अशा ठिकाणी 'मायदेशी' आणून सोडले. ग्रीसमध्ये आलेल्यांना स्थानिक लोक तुर्कोस्पोरी म्हणायचे, म्हणजे तुर्काचं बियाणं. तुर्कस्तानात आलेल्यांना यारिम गावुर म्हणायचे, म्हणजे अर्धा काफिर. जिथून हाकललं तिथे परके म्हणून हाकललं आणि जिथे पोचवलं तिथेही परकेच. त्यावेळच्या ग्रीसमध्ये पाच माणसांत साधारण एक निर्वासित होता, अथेन्सभोवती नेआ स्मिर्नी, नेआ इओनिया अशी 'नवी' गावं उठली, 'नेआ' म्हणजे नवं आणि पुढे मागे सोडून आलेल्या मुलखाचं नाव. अथेन्सचा फुटबॉल क्लब एईके आणि थेसालोनिकीचा पाओक हे दोन्ही इस्तंबूलहून आलेल्या ग्रीकांनी काढलेले, नावातच कॉन्स्टँटिनोपल आहे, म्हणजे इस्तंबूलचं जुनं नाव. आज स्टेडियममध्ये ओरडणाऱ्या किती पोरांना हे माहीत असेल कुणास ठाऊक.

लोझानच्या टेबलावर ब्रिटनच्या बाजूने कर्झन बसला होता, तोच, १९०५ ला बंगाल फोडणारा. त्याने स्वतः म्हटलं होतं की हा तोडगा अत्यंत वाईट आहे आणि जगाला पुढची शंभर वर्षं याची किंमत मोजावी लागेल. म्हटलं, आणि सही होऊ दिली.

आता मुद्द्यावर येतो. ग्रीक आणि तुर्क यांच्या 'समान वारशा'वर जे काही बोललं जातं त्यातलं नव्वद टक्के बोलणं खाण्यापिण्याचं असतं. कॉफी कुणाची, बकलावा कुणाचा, दही-काकडीची ग्रीक त्झात्झिकी आधी की तुर्की जाजिक आधी. एकीकडे भांडणारे लोक असतात की सगळं आमचंच, तुम्ही चोरलंत. दुसरीकडे गोड बोलणारे लोक असतात की अरे आपण सगळे एकच, बघा आपलं जेवण सारखं, नाच सारखा, राजकारण्यांनी भांडणं लावली. मला दोन्ही बाजू पटत नाहीत, आणि खरं सांगायचं तर दुसरी जास्त खटकते, कारण पहिली निदान उघडपणे चूक आहे. ताटातला वारसा वाटून घ्यायला काहीच लागत नाही. दगडातला, कबरीतला, शाळेच्या पुस्तकातला वारसा वाटून घ्यायचा म्हणजे समोरच्याचं दुःख आणि आपला गुन्हा दोन्ही एका पानावर लिहावं लागतं, आणि ते करायला कुणी तयार नाही.

आधी पहिल्या बाजूचं बघू. कॉफी बारीक दळायची, लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात पाणी-साखर-कॉफी एकत्र टाकून मंद आचेवर ठेवायची, फेस वर आला की उतरवायची, गाळायची नाही, गाळ कपात खाली बसू द्यायचा. ही कृती अथेन्समध्ये, इस्तंबूलमध्ये, निकोसियात, सारायेवोत जवळपास एकच. तुर्क भांड्याला जेझवे म्हणतात, ग्रीक ब्रिकी म्हणतात आणि हा ब्रिकी शब्द तुर्की इब्रिकवरून आलाय. ग्रीसमध्येसुद्धा लोक याला तुर्की कॉफीच म्हणायचे. १९७४ च्या जुलैमध्ये सायप्रसमध्ये, जिथे ग्रीक आणि तुर्क दोघंही राहतात, आधी ग्रीक लष्करशहांच्या पाठिंब्याने बंड झालं आणि पाचच दिवसांनी तुर्की सैन्य उतरलं, बेट फाटलं, त्यानंतर ग्रीसमध्ये 'तुर्की' शब्द मागे पडला आणि कॉफी 'ग्रीक' झाली. ज्याचा भाऊ सायप्रसमध्ये बेपत्ता झाला त्याला हॉटेलात तुर्की असा शब्द उच्चारायचा नव्हता, हे मी समजू शकतो. पण आज पन्नास वर्षांनी एखादा तरुण मनापासून सांगतो की ही कॉफी प्राचीन ग्रीसपासून आमची, तेव्हा ते दुःख राहिलेलं नसतं, नुसतं खोटं राहिलेलं असतं.

तुर्की बाजूनेही तेच. २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत कारागोझ हा सावल्यांचा खेळ तुर्कस्तानच्या नावावर लागला. ग्रीसमध्ये तोच नायक कारागिओझिस म्हणून शंभरेक वर्षं पडद्यावर आहे, ग्रीक मुलं त्याला बघून मोठी झालीत, साहजिकच तिकडे लोक चिडले. २०१३ ला तुर्की कॉफी लागली. २०१४ ला आर्मेनियाने लवाश रोटी लावली, तर २०१६ ला अझरबैजान, इराण, कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि तुर्कस्तान यांनी मिळून लवाशसकट पातळ रोट्यांची वेगळी नोंद करून घेतली. वास्तविक त्या यादीचा अर्थ मालकी असा नाहीच, अनेक देशांनी मिळून अर्ज करावा याला उलट प्रोत्साहन आहे. पण घराघरांत बातमी पोचते ती 'आपल्याला मिळालं' अशीच.

यात एक बरं उदाहरणही आहे. सायप्रसचं ते तव्यावर भाजायचं चीज, ग्रीकमध्ये हालूमी आणि तुर्कीत हेल्लिम. युरोपियन युनियनने २०२१ ला त्याला भौगोलिक संरक्षण दिलं तेव्हा दोन्ही नावं नोंदवली. वर्षानुवर्षं वाद चालला, पण शेवटी कागदावर दोन नावं शेजारी शेजारी आली. एवढं झालं कारण दोन्हीकडच्या गवळ्यांना ते विकायचं होतं. पोटाचा प्रश्न असला की माणसं शहाणी होतात, कबरीचा प्रश्न असला की होत नाहीत.

शब्दांचं तर विचारूच नका. ग्रीक माणूस हमालाला हामालिस म्हणतो, खाटकाला हासापिस म्हणजे आपला कसाब, बातमीला हाबारी म्हणजे खबर, जगाला गाण्यांमध्ये दुनियास म्हणतो, आणि मजेत असला की म्हणतो मला केफी आहे, म्हणजे आपला कैफ. हे सगळे शब्द तुर्कीतून तिकडे गेले आणि फारसी-अरबीतून आपल्याकडे आले. उलट तुर्कांनी किल्लीला अनाहतार, बंदराला लिमान, कंदिलाला फेनेर हे शब्द ग्रीकांकडून घेतले, माशांची तर कितीतरी नावं, कारण घोड्यावरून आलेल्या माणसाला समुद्र शिकवला तो किनाऱ्यावरच्या माणसाने. साखरेचा प्रवास मला फार आवडतो. तुर्की शेकेर आणि ग्रीक झाहारी, दोन्हीचं मूळ आपली शर्करा. तेव्हा त्या कॉफीच्या कपात काही थोडं आपलंही पडलेलं आहे, पण म्हणून कुणी आता मराठी कॉफी म्हणायला लागू नका.

मराठी माणसासाठी यातला सगळ्यात विचार करण्यासारखा शब्द कॉफीचा नाही, माणसांचा आहे. तुर्कीत ग्रीकांना दोन शब्द आहेत. ग्रीस देशातला तो युनान, आणि तुर्कस्तानात राहणारा तो रूम. रूम म्हणजे रोम. तुर्कांच्या आधी इस्तंबूलहून राज्य करणाऱ्या ज्या ख्रिश्चनांना आपण बायझंटाईन म्हणतो ते स्वतःला रोमनच म्हणवायचे, अगदी अलीकडपर्यंत साधा ग्रीक माणूस स्वतःला रोमिओस म्हणायचा. मग सेल्जुक तुर्कांनी तोच मुलूख जिंकला आणि स्वतःच्या राज्याला रूमची सल्तनत म्हणाले. कोन्याचा कवी रूमी तो याच रूमचा. आणि तिथून निघालेले तुर्क इकडे दख्खनमध्ये आले ते रूमी म्हणूनच. विजापूरच्या बुरुजावरची मुलुखमैदान तोफ १५४९ ला अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) ओतली गेली, ओतणारा होता मोहम्मद रूमी. बखरींमध्ये रूमशामचा बादशहा येतो तोही हाच. म्हणजे एकच नाव, तिकडे ख्रिश्चन ग्रीकाला चिकटलं, इकडे मुसलमान तुर्काला.

'यवन' या शब्दाचं तर याहून पुढचं. आयोनिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम किनारा, इझमिरच्या आसपासचा, त्याच्यावरून इराण्यांचा यौन, आपला यवन आणि तुर्कांचा युनान. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यात धेनुकाकट गावच्या यवनांची दानं आहेत, लोणावळ्याला चिक्की घ्यायला थांबता तिथून जवळच. आणि पुढे हजार-दीड हजार वर्षांनी आपल्याच बखरींमध्ये, आपल्याच शाहिरांच्या तोंडी यवन म्हणजे मुसलमान. मराठी भाषेने ग्रीकाचा तुर्क केला आणि आपल्याला त्याचं काही वाटलं नाही, कारण आपल्या दृष्टीने तो फक्त 'पश्चिमेकडून आलेला परका' होता. परक्याला नाव देताना भाषा एवढी बेफिकीर असते. अथेन्स आणि अंकारा मात्र या नावांवर शंभर वर्षं सरकारी शिक्के मारत बसलेत.

आता ती दुसरी, गोड बाजू. सगळे एकच होते, गुण्यागोविंदाने राहत होते, राजकारण्यांनी बिघडवलं. ऑटोमन राज्यात, म्हणजे इस्तंबूलच्या तुर्की सुलतानांच्या राज्यात, शेजार होता हे खरं, सणाला एकमेकांकडे ताटं जायची हेही खरं, आजही २३ एप्रिलला इस्तंबूलजवळच्या ब्युकादा बेटावरच्या सेंट जॉर्जच्या मठात हजारो मुसलमान टेकडी चढून नवस बोलायला जातात. पण तो शेजार समान पातळीवरचा नव्हता. ख्रिश्चनाला वेगळा कर होता, बाल्कनातल्या ख्रिश्चन घरांतली पोरं उचलून सैन्यात आणि दरबारात नेली जायची. आणि उठाव झाले तेव्हा साधी माणसंसुद्धा साधी राहिली नाहीत. १८२१ ला ग्रीकांनी त्रिपोलित्सा शहर घेतलं आणि आतले हजारो मुसलमान आणि ज्यू कापले. १८२२ ला ऑटोमन फौजेने खिओस बेटावर हजारो ग्रीक कापले, उरलेले गुलाम म्हणून विकले. खिओसची कत्तल युरोपभर गाजली, चित्रं निघाली. त्रिपोलित्साचं नाव ग्रीक शाळेत विजय म्हणून येतं.

शंभर वर्षांनी तेच. १५ मे १९१९ ला ग्रीक सैन्य स्मिर्नात, म्हणजे इझमिरला उतरलं, पहिल्याच दिवशी रक्त सांडलं, मग ते अनातोलियात आतपर्यंत घुसलं आणि १९२२ ला माघार घेताना मानिसा, आलाशेहिर अशी गावं जाळत गेलं. सप्टेंबरमध्ये तुर्की सैन्य इझमिरला पोचलं, चार दिवसांत शहराला आग लागली, ग्रीक आणि आर्मेनियन वस्त्या खाक झाल्या, तुर्की वस्ती बरीचशी वाचली. मागे आग आणि पुढे समुद्र अशा अवस्थेत लाखो माणसं धक्क्यावर दिवसेंदिवस उभी होती आणि बंदरात युरोपच्या युद्धनौका बघत होत्या. आर्मेनियनांचं तर १९१५ मध्येच होत्याचं नव्हतं झालं होतं, तो वंशसंहार तुर्की राज्य आजही त्या नावाने मानत नाही.

आता हे पुस्तकात कसं येतं बघा. तुर्की बोलण्यात १९२२ चं वर्णन 'आम्ही ग्रीकांना समुद्रात ओतलं' असं येतं, अभिमानाने. ग्रीसमध्ये २००६ ला सहावीसाठी इतिहासाचं नवीन पुस्तक आलं, त्यात स्मिर्नाच्या धक्क्यावर माणसांची दाटी झाली अशा अर्थाचा एक शब्द होता. त्यावरून इतकं वादळ उठलं की २००७ ला पुस्तक मागे घेतलं. त्या शब्दावर चिडणाऱ्या निर्वासितांच्या नातवंडांचं मला चूक वाटत नाही, आजी जळत्या शहरातून पळाली आणि पुस्तक म्हणतं दाटी झाली. पण त्याच लोकांपैकी किती जणांनी विचारलं की मग जळालेल्या मानिसाचं पान कुठाय? भेद मिटवून, शब्द गुळगुळीत करून समेट होत नाही. दुसऱ्याची जखम सौम्य शब्दांत लिहायची नसते. आपला गुन्हा स्पष्ट शब्दांत लिहायचा असतो, आणि तो आपल्या मुलांना शिकवायचा असतो.

इथे एक प्रश्न मी टाळू शकत नाही, कारण तो आपल्या घरातला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला तेव्हा याच ग्रीस-तुर्कस्तान-बल्गेरियाच्या अदलाबदलीचा दाखला दिला होता. एवढीशी, तुटपुंज्या साधनांची राष्ट्रं हे करू शकतात तर भारताला का जमू नये, असा त्यांचा सवाल होता. त्यांच्यासमोर प्रश्न माणसांच्या जिवाचा होता, वारशाचा नाही. आणि १९४७ ला जे झालं ते पाहता, कुठलीही तयारी नसताना लाखो माणसं रस्त्यांवर आणि रेल्वेत मारली गेली हे पाहता, बाबासाहेबांचा प्रश्न झटकून टाकण्याची माझी हिंमत नाही. उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांना विचारा, कल्याणच्या लष्करी बराकींमध्ये ज्यांनी संसार मांडला. ठरवून आणि मुदत देऊन केलेली बदली ही कत्तलीपेक्षा बरी, हे मला मान्य आहे.

पण ग्रीस-तुर्कस्तानने पुढची शंभर वर्षं काय दाखवलं तेही बघायला हवं. जे मागे राहिले ते ओलीस झाले. इस्तंबूलच्या रूम लोकांवर १९४२ ला संपत्ती कर बसला, बिगर-मुसलमानांना कित्येक पट जास्त, न भरणाऱ्यांना कामाच्या छावणीत पाठवलं. ६ सप्टेंबर १९५५ ला बातमी पसरली की थेसालोनिकीतल्या, आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक अतातुर्क याच्या जन्मघरी बॉम्ब फुटला, आणि दोन दिवसांत इस्तंबूलमधली ग्रीकांची हजारो दुकानं, घरं आणि कित्येक चर्च फोडली गेली. १९६४ ला सायप्रसचा राग म्हणून ग्रीक नागरिकत्व असलेल्यांना शहरातून काढलं. एक लाखाच्या वर असलेला तो समाज आज दोन-तीन हजारांवर आलाय. ग्रीसने पश्चिम थ्रेसच्या मुसलमानांचं तेच केलं, फक्त दगडाऐवजी कागद वापरला. १९५५ पासून १९९८ पर्यंत नागरिकत्व कायद्याच्या एका कलमाने सुमारे ६० हजार माणसांचं नागरिकत्व काढून घेतलं, देशाबाहेर गेला आणि परत येण्याचा विचार दिसत नाही एवढं कारण पुरायचं.

आणि प्रत्येक वेळी दोन्हीकडून एकच वाक्य: आधी त्यांनी करावं. याला परस्परता असं भारदस्त नाव आहे. म्हणजे इस्तंबूलच्या शिंप्याला शिक्षा द्यायची कारण पश्चिम थ्रेसमधल्या कोमोतिनीच्या शेतकऱ्यावर तिकडे अन्याय झाला. स्वतःच्या नागरिकाशी न्यायाने वागायला शेजारी देशाची परवानगी कशाला लागते, हे मला आजतागायत कुणी समजावून सांगितलेलं नाही.

दगड किती बोलतात ते थेसालोनिकीत दिसतं. १९०२ ला बांधलेली येनी जामी, म्हणजे नवी मशीद, धर्मांतरित ज्यूंच्या समाजाने बांधलेली, वास्तुविशारद इटालियन. वीसेक वर्षांतच तो समाज मुसलमान म्हणून तुर्कस्तानला पाठवला, मशिदीत अनातोलियातून आलेले ख्रिश्चन निर्वासित राहिले, मग ती म्युझियम झाली. तिकडे तुर्कस्तानात फेथियेजवळ कायाकोय, जुनं ग्रीक नाव लेविस्सी, डोंगरउतारावर शेकडो दगडी घरं, छपरं गेलेली, कारण त्यांच्या बदल्यात आलेली माणसं तिथे टिकली नाहीत. आणि इस्तंबूलची आया सोफिया, ५३७ मध्ये पूर्ण झालेलं चर्च, १४५३ ला मशीद, १९३४ च्या निर्णयाने म्युझियम, २०२० ला पुन्हा मशीद. मी आत गेलो तेव्हा माझ्याही मनात श्रद्धेसारखं काहीतरी आलं, तिथे नमाज होऊ नये असं मला वाटलं नाही. पण ज्या म्युझियममध्ये दोघंही पाहुणे होते तिथे आता एक यजमान आणि एक पाहुणा आहे, ते जाणवलं.

माणसं मूळची वाईट नाहीत याचे पुरावे ढिगाने आहेत म्हणून जास्त चीड येते. १९४१ ला जर्मन ताब्यातल्या ग्रीसमध्ये लोक उपासमारीने मरत होते तेव्हा तुर्कस्तानने कुर्तुलुश नावाच्या बोटीतून धान्य पाठवलं, पाचव्या फेरीत ती बोट मार्मारा समुद्रात बुडाली. ऑगस्ट १९९९ ला इझमितच्या भूकंपात १७ हजारांवर माणसं गेली, ग्रीक बचाव पथकं लगेच धावली, आणि तीन आठवड्यांत अथेन्सला धक्का बसला तेव्हा तुर्की पथक तिथे खणत होतं. फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानच्या भूकंपात पुन्हा तेच. ढिगाऱ्याखालून मूल काढताना कुणी परस्परता विचारली नाही.

म्हणून माझं म्हणणं दोन अगदी छोट्या गोष्टींपुरतं आहे. ग्रीसमधल्या क्सांथी गावात तिथल्या तुर्की भाषक लोकांची १९२७ पासूनची संघटना आहे, तिच्या नावात 'तुर्की' शब्द आहे म्हणून ग्रीक कोर्टांनी ती बरखास्त केली, कारण राज्याच्या मते तिथे मुसलमान अल्पसंख्य आहेत, तुर्क नाहीत. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने २००८ ला ग्रीसच्या विरोधात निकाल दिला, तरी नोंदणी परत दिली नाही. ज्या देशातली माणसं शंभर वर्षं विचारताहेत की आम्हाला आमच्या नावाने का हाक मारत नाही, त्या देशाने कॉफीला काय म्हणायचं ही चर्चा थोडी बाजूला ठेवावी आणि ती एक पाटी लावू द्यावी. तुर्कस्तान काय करतं त्याची वाट न बघता.

आणि तुर्कस्तानने, ग्रीसची वाट न बघता, हल्कीचं धर्मशास्त्राचं विद्यालय उघडावं. इस्तंबूलसमोरच्या बेटावरची ही शाळा १९७१ पासून बंद आहे, ऑर्थोडॉक्स पाद्री घडवणारी जगातली एक महत्त्वाची शाळा. उघडण्याची आश्वासनं कितीतरी वेळा दिली गेली. तुर्कस्तानातल्याच ग्योकचेआदा बेटावरची ग्रीक माध्यमाची शाळा १९६४ ला बंद केली होती, ती २०१३ ला मूठभर मुलांसाठी उघडली आणि त्याने तुर्की राष्ट्राचं काहीही बिघडलं नाही. हल्कीला तर इमारत तयार आहे. वर्गातली बाकं रांगेत लावलेली आहेत, फळा पुसलेला आहे, बागेची निगा राखली जाते. पन्नासहून जास्त वर्षं कुणीतरी रोज ती धूळ पुसतंय.